उजवीकडचा आकडा

अस्नोडा मागे पडलं आणि विनोदिनीने सिद्धेशचा दंड घट्ट धरला.

"गाडी उभी कर. हे उठले."

सिद्धेशने आरशात पाहिलं. मागे कॅराव्हॅन नेहमीसारखी डुलत येत होती. मोसमात मांद्र्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने द्यायची, जीपला जोडून ओढायची, दोन चाकांवरची खोलीच ती. आज तिच्यात त्याचे वडील होते. आठ महिन्यांपूर्वी कृष्णनाथांचं अंग लुळं पडलं, त्यानंतर त्यांनी करंगळीसुद्धा हलवली नव्हती. आता घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले ते कशासाठी, हे सिद्धेशला कळलं होतं. विनोदिनीला भलतंच कळलं होतं. सुर्ल गावातलं आपलं घर दिसलं की माणूस उठून बसणार, असं तिने पक्कं धरलं होतं.

"आई, कशे उठतले?"

"हो बघ." तिने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. पडद्यावर कॅराव्हॅनच्या दोन चाकांना लावलेल्या सेन्सरवरून येणारे हवेच्या दाबाचे आकडे होते. "सकाळपासून डावीकडचो जास्त होतो. आता उजवीकडचो वाढलो. हे उठान त्या बाजूच्या खिडकीकडे बसले आसत."

ही करणी सिद्धेशचीच. सकाळी इस्पितळातून निघताना ती आतच, नवऱ्याच्या उशाशी बसली होती. पण बंद खोलीत तिला गाडी लागली आणि पेडण्याला पोचेपर्यंत ओकून ओकून ती बेजार झाली. पुढे येऊन बस म्हटलं तर ऐकेना. ह्यांना एकटं कसं ठेवायचं, हा एकच घोशा. शेवटी त्याने मोबाइल तिच्या हातात दिला. बाबा डावीकडच्या बिछान्यावर आहेत, म्हणून डावीकडचा आकडा जास्त आहे. तो बघत बस, म्हणजे ते जागच्या जागी आहेत हे तुला पुढे बसून कळेल. खोटं सांगायचं तर आकडा दाखवून सांगावं, माणूस मुकाट्याने ऐकतो. खरं एवढंच होतं की हमरस्त्याला गाडी दक्षिणेकडे चालली होती आणि सकाळचं ऊन डाव्या चाकावर पडत होतं. चाक तापलं की आतला दाब वाढतो. म्हापशाहून ते डिचोलीच्या रस्त्याला वळले, तसं ऊन उजवीकडे आलं.

तेव्हापासून आत्तापर्यंत तिने त्या आकड्यांवरची नजर काढली नव्हती. सिद्धेशला स्वतःची लाज वाटली.

"आई, माझा ऐक..."

"गाडी उभी कर मरे!"

आठ महिन्यांत तिचा असा आवाज त्याने ऐकला नव्हता. त्यात आनंद होता.

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ती नीट थांबायच्या आत विनोदिनी उतरली. गुडघे दुखतात म्हणून घरात भिंतीला धरून चालणारी बाई अक्षरशः धावत मागे गेली. तिला दाराची कडी निघेना. सिद्धेश तिच्यामागे पोचला आणि आता सांगायलाच हवं म्हणून त्याने सांगून टाकलं.

"आई, ऊन फिरलां गो. चाक तापलां म्हणान आकडो वाढलो. सकाळी मी तुका खोटां सांगलंय."

तिने मागे वळून पाहिलं नाही. कडी निघाली.

कृष्णनाथ डावीकडच्या बिछान्यावरच होते. छातीवर, मांड्यांवर पट्टे सकाळी बांधले तसेच. डोळे उघडे, छताकडे लागलेले. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर उतरली होती. समोरच्या उजव्या खिडकीतून आलेलं ऊन खालच्या फळीवर पसरलं होतं आणि तिथे कोणी नव्हतं.

विनोदिनी दारातच उभी राहिली. ती आता रडेल, असं सिद्धेशला वाटलं. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने हलकेच बाजूला केला आणि ती आत चढली. पदराने तिने नवऱ्याचं तोंड पुसलं. छातीवरचा पट्टा जरा सैल केला. मग पिशवीतून त्यांच्या चपला काढल्या. आठ महिने कोणाच्या पायात न गेलेल्या, तरी धुऊन पुसून आणलेल्या.

खिडकीखाली वाकून तिने उन्हातल्या फळीवर तळहात टेकवला, चटकन उचलला. तिथेच त्या चपला जोडून ठेवल्या.

"परत उठलात तर पायात घाला," ती नवऱ्याला म्हणाली. "खालची फळी तापल्या."