मापाला माणूस

"भावोजी, यातही ताई पाठमोरीच," सरोजिनी म्हणाली आणि हातातला फोटो चटईवरच्या ढिगात टाकला.

सुमतीला जाऊन आज बारावा दिवस. उद्या तेराव्याला पाटावर ठेवायला, हार घालायला तिचा एक फोटो हवा होता. आणि अख्ख्या आळीत सगळ्यात जास्त फोटो ज्या घरात, त्याच घरात तो सापडत नव्हता.

चटईवर नऊ वर्षांचे ऋतू पसरले होते. कोनच्या खाडीवरचं मार्गशीर्षातलं धुकं. शेलारच्या रानातला फाल्गुनातला पळस. अर्नाळ्याचा खवळलेला श्रावण. दापोड्याची भातशेती, आणि त्याच जागी पुढच्या वर्षी उभं राहिलेलं गोदाम. प्रभाकर कचेरीत हेडक्लार्क. रविवारी मात्र गळ्यात कॅमेरा अडकवला की तो कुणाचाच नसे. आणि प्रत्येक फोटोत, झाडाखाली नाहीतर पाण्याच्या कडेला, नखाएवढी त्याची बायको, सुमती. झाड केवढं, खाडी केवढी, हे कळायला मापाला माणूस लागतो, हे प्रभाकरचं शास्त्र. तो माणूस पाठमोरा हवा, हे त्याचं पोटकलम. तोंड दिसलं की बघणारा तोंडच बघत बसतो, देखावा राहतो बाजूला.

सुमतीनं ही बिनपगारी नोकरी एकही रविवार न चुकवता केली.

"लग्नातला लावा की," बाहेरच्या खोलीतून तात्यांनी सुचवलं. तात्या प्रभाकरचे थोरले बंधू. आरामखुर्चीतून न उठता निकाल देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

"त्यात तिची मान खाली आहे, तात्या. नुसत्या मुंडावळ्या दिसतात." सरोजिनी सुमतीच्या धाकट्या बहिणीच्या हक्कानं प्रभाकरकडे वळली. "बगळ्याचा अगदी जवळून काढलात. सरड्याचासुद्धा काढलात. ताईचाच तेवढा राहिला होय?"

"बगळा उडून जातो गं..." प्रभाकर म्हणाला.

मग एकाएकी त्याचे डोळे लकाकले. "एकदा वळली होती ती! कोनच्या खाडीवर. मी खटका दाबला आणि नेमकी वळली."

कपाटाच्या तळाशी 'रद्द' असं लिहिलेलं पाकीट होतं. प्रभाकरनं त्यातली एकोणनव्वदच्या भाद्रपदातली निगेटिव्ह काढली आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरली. तिवरं होती, चिखल होता, भरतीचं पाणी होतं. आणि सुमती, तोंड करून उभी. पण तोंडाच्या जागी उन्हाची बारीक ठिणगी चमकली.

तेव्हा त्याला आठवलं. कचेरीत फायलीची दोरी ओवायला कागदांना भोक पाडतात, तो टोच्या त्याच्या घरीही असे. बिघडलेली निगेटिव्ह तो फेकत नसे. टोच्या मारून रद्द करी. त्यातही शिस्त होती: चूक जिथं, भोक तिथंच.

"दिसते का हो?" सरोजिनीनं मागून विचारलं.

"बघू काढून," तो म्हणाला. नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

न्हाणीघर हीच त्याची डार्करूम. खिडकीला काळा कागद, आणि उजेड येऊ नये म्हणून मोरीच्या भोकातही चिंधी कोंबलेली. लाल दिव्याखाली सरोजिनी पदर नाकाला लावून उभी राहिली. ट्रेमधल्या कागदावर आधी तिवरं उमटली, मग चिखल, मग सुमती. पदर उडालेला, एक हात उंच उगारलेला, एक पाऊल पुढं. आणि मानेच्या वर काळा, गोल, चिमुकला ठिपका.

प्रभाकरनं चिमट्यानं फोटो उचलून पक्का करायला हायपोच्या पाण्यात सोडला.

"हे काय हो?" सरोजिनीनं विचारलं.

"हलली होती. मी टोच्या मारला."

"हात कशाला वर केलाय तिनं?"

"ओरडत होती. 'अहो, मागं बघा, पाणी चढतंय.' मी खडकावर होतो, कॅमेऱ्यात डोळा घालून. मागून भरती आलेली मला कळलीच नव्हती."

"मग?"

"मग मी तिला बोललो. फोटो घालवलास म्हणून. कोनपासून घरापर्यंत बोलत आलो."

फोटो पक्का झाल्यावर सरोजिनीनं दार उघडलं आणि बाहेर गेली.

"मिळाला का गं?" तात्यांनी विचारलं.

"पाठमोराच लावू," ती म्हणाली. मग बराच वेळ बाहेरून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला.

प्रभाकरनं फोटो धुवायला घमेल्यात ठेवला आणि वर नळ सोडला. त्या धारेखाली सुमतीचा उगारलेला हात हलल्यासारखा दिसत होता. घमेलं भरलं. पाणी काठावरून ओसंडलं, चिंधी कोंबलेल्या मोरीशी अडलं, मागं फिरलं. त्याच्या तळव्यांखाली शिरलं, उंबरा ओलांडून खोलीत निघालं आणि चटईवरच्या खाडीला, पळसाला, अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागलं.

प्रभाकर त्या ठिपक्याकडे बघत पाठमोरा उभा होता. कोणी हाक मारली नाही.