मागचा जिना

मन्मथनं विलायतेतल्या जुन्या हवेलीचा नकाशा मिळवून गंगाखेडला हुबेहूब तसाच बंगला बांधायला काढला. भिंतीआडचा अरुंद जिना बघून त्याची आई चन्नबसम्मा थबकली.

“ह्यो कुणासाठी रे?”

“कामवाल्या बायांसाठी. तिकडं त्या पाहुण्यांच्या नजरेला पडत न्हाईत.”

“आन् अंधारात पाय घसरला म्हंजी?” तिनं गवंड्याच्या मागं लागून त्या जिन्याला कठडा बसवून घेतलाच.

घरभरणीला सकाळी कलश घेऊन पुढच्या दारानं पहिली आत आली ती चन्नबसम्माच. दुपारी पुण्याच्या पाहुण्यांच्या गाड्या दारात लागल्या, तसा मन्मथ धावत तिच्याकडं आला.

“माय, तू मागल्या जिन्यानं वर जा. लवकर.”

अंधारात तिनं कठडा घट्ट धरला.