डाव्या अंगाचं दार

टोपी काढल्याशिवाय हेडफोन बसेना, म्हणून सावळेरामबाबांनी ती काढून मांडीवर ठेवली. कळंबच्या स्टुडिओत गोरखने नुकताच त्यांचा अभंग रेकॉर्ड केला होता. बंद खोलीत आवाज कोरडाठाक आलेला. देवळात गायल्यासारखा वाटावा म्हणून गोरखने त्यावर झकास रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, चढवला आणि ऐकवला.

"लई घुमतंय," बाबा डोळे मिटून म्हणाले. "आमचं देऊळ ठेंगणं व्हतं."

गोरखने घुमारा कमी केला.

"उजव्या अंगाला दगडी भित्ताड. तिकडून आवाज लगोलग माघारी यायचा. डाव्या अंगाला दार, नदीकडं उघडणारं. तिकडं गेलेला सूर परत यायचा न्हाई."

जन्मात पहिल्यांदा हेडफोन लावलेला माणूस दोन कानांना दोन तऱ्हा मागत होता! गोरखने डाव्या कानातला घुमारा पार उतरवला, उजवीकडचा अगदी जवळ आणला आणि अभंग पुन्हा लावला.

बाबा ताठ झाले. मांडीवरची टोपी घाईघाईने चाचपून त्यांनी हेडफोनवरूनच डोक्यावर चढवली.

"देवापुढं बोडका बसलो व्हतो की रं!"

गोरखने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "बाबा, कुठं आहे हे देऊळ? मला बघायचंय."

"डिंभ्याच्या धरणात, पाण्याखाली," बाबा डोळे न उघडता कुजबुजले. "हळू बोल. हितं घुमतं."