मुंगसाचं वजन

चिमटीला झोळीत बसवलं आणि काटा भलताच पुढे गेला. नर्सबाईंनी चष्मा पुसला, झोळी काढून पुन्हा अडकवली. काटा पुन्हा तिथेच. नऊ किलो सहाशे. हीच पोरगी दोन महिन्यांपूर्वी आठ किलो सातशेवर अडून बसली होती, कार्डावरच्या लाल पट्टीत.

चिमटीची आई भिंतीला टेकून उभी होती. पायाशी कपड्यांची पिशवी. मागच्या वेळीच नर्सबाईंनी बजावलं होतं, पोरगी लाल पट्टीतून वर आली नाही तर मायलेकींनी त्याच दिवशी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं, पंधरा दिवसांसाठी. जीप दाराशी येऊन थांबली होती. ऐन पेरणीत घरचे दोन हात जाणार, ते एकवेळ चाललं असतं. पण तिकडून पोरगी हसत परत येईल ना, या एका काळजीनं त्या माउलीचा रात्रीपासून डोळ्याला डोळा लागला नव्हता. आता काटा बघून हसावं की रडावं, तिला कळेना.

नर्सबाई काही लगेच भुलणाऱ्या नव्हेत. पंधरा वर्षं काट्यात गेलेली. दवाखाना टाळायला लोक काय काय करतात, ते त्यांना तोंडपाठ. कुणी पोराला येता येता तांब्याभर पाणी पाजतं, कुणी खिशात गोटे भरतं. त्यांनी चिमटीला खाली घेतलं आणि थेट तिच्या फ्रॉकच्या खिशात हात घातला. हाताला काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. वाटलंच होतं मला, म्हणत त्यांनी ते बाहेर काढलं.

उकडलेलं अंडं. सालासकट.

"हे कुणी दिलं हिला?"

खोलीत आई, आजी आणि आजोबा होते. तिघंही छताकडे बघायला लागले, जसं काही तिथे कोंबडीच बसली होती.

त्याचं असं होतं की या घरात अंडं फोडायला बंदी होती. बंदी आजीची. पाच कोंबड्यांची अंडी सगळी दुकानात जायची आणि बदल्यात तेल, मीठ, साबण यायचा. पोरीला रोज अंडं द्या, असं नर्सबाईंनी मागच्या वेळी सांगितलं, तेव्हा आजीनं त्यांनाच झाडलं होतं. अंडी घरातच संपली तर तेल काय तुमचा काटा देणार? आणि नेमकी तेव्हापासून अंडी घटायला लागली. मुंगूस लागलंय मेलं, असं आजीनं चार घरांत सांगितलं. सुनेनं मान डोलावली. आजोबांनी तर खपून पिंजरा केला आणि आमिष म्हणून रोज एक अंडं हक्कानं मागून घ्यायला लागले. सकाळी बघावं तर आमिष गायब आणि पिंजरा उघडाच. मुंगूस फार बेरकी आहे, असं म्हणताना आजोबांचा चेहरा का खुलायचा, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नर्सबाईंनी चिमटीलाच विचारलं. अंडं कोण देतं गं, बाळा? चिमटीनं बोट उचललं.

"आई."

सुनेनं मान खाली घातली आणि सांगून टाकलं. रोज एकच घेत होते, चुलीच्या राखेत भाजून. आजीनं पदर खोचला. घरातल्या घरात चोरी, असं म्हणून ती सुरू होणार, एवढ्यात चिमटीचं बोट पुढे सरकलं.

"आजी."

आजीचा आवाज जागीच बसला. तिची म्हणे गोठ्यामागे वेगळी चूल होती. आपली बंदी आपणच मोडली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आजोबा पोट धरून हसत होते. बोट फिरत फिरत आपल्याकडेच येणार आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"आजोबा."

चोरावर मोर म्हणतात, इथे तर मोरांची रांग लागली होती.

नर्सबाईंनी अंडं टेबलावर ठेवून चिमटीचं पुन्हा वजन केलं. नऊ किलो साडेपाचशे. पिवळी पट्टी. त्यांनी खिडकीतून हात हलवला आणि जीप रिकामी गेली. आईनं कपड्यांची पिशवी उचलून छातीशी घट्ट धरली. मग तोंडावर पदर घेऊन ती मनसोक्त रडली. तिला कुणी गप्प केलं नाही. आजीनं फक्त तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

चिमटीनं टेबलावरचं अंडं परत मिळवलं होतं आणि ती ते काट्याच्या लोखंडी खांबावर आपटून फोडत होती. हिरवी पट्टी अजून लांब आहे, नर्सबाईंनी कार्ड भरता भरता सांगितलं. आजी तेलाचा हिशेब मनात मांडायला लागली. तांबडी कोंबडी खुडूक बसलीच होती. तिच्याखाली दहा अंडी ठेवली तर पुढच्या वर्षी दुकानाचंही भागेल आणि घराचंही.

दारात आजोबांनी हळूच विचारलं, आता तो पिंजरा मोडून सरपणात टाकू का?

आजीनं नातीच्या ओठावरचा पिवळा बलक पदरानं पुसला.

"राहू दे. मुंगूस अजून पिवळ्यातच आहे."