बरोबर कुणीतरी हवं

बायकोनं पुढ्यातला चहा गार होऊ दिला आणि तसाच मोरीत ओतला, हे पीटी सरांनी सलग चौथ्या दिवशी पाहिलं. आता हिला डॉक्टरकडे न्यायचंच, असं त्यांनी ठरवलं.

पंधरा दिवसांपूर्वी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली होती, "हल्ली मला कशाचं काही वाटतच नाही. ना बरं, ना वाईट." सर चमकले होते. इतकं नेमकं कुणी बोलून दाखवेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांचं तिच्यावर बारीक लक्ष होतं. पहाटे चारला ती जागी आहे का ते बघत. त्या वेळी ते जागेच असत. गच्चीवर कपडे वाळत घालायला तिला जाऊ देत नसत, स्वतः जात. शाळेतून परतल्यावर खाली स्कूटरवरच अर्धा-अर्धा तास बसून राहत. वर जाऊन तिच्याशी काय बोलायचं, याची जुळवाजुळव करतोय, असं स्वतःला सांगत.

शाळेत कुणाला पत्ता नव्हता. मधल्या सुट्टीत सरांच्या नकलांनी शिक्षकांची खोली दणाणून जायची. मुख्याध्यापकांची नक्कल ते त्यांच्यासमोरच करत. पोरांना पळवताना मात्र हल्ली पायरीवर बसून शिट्टी वाजवत. गुडघा धरलाय, म्हणत.

मोठ्या भावाच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, असल्या डॉक्टरची पायरी चढलात की जन्माचा शिक्का बसतो. चार दिवस माहेरी पाठव, येईल ताळ्यावर. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा भावाचा फोन मध्येच ठेवला. ताप आला तर नेतोच ना, मग यात लाज कसली, असं त्यांनी बायकोला समजावलं.

ती म्हणाली, "तुम्ही आत माझ्याबरोबर बसणार असाल तर येते."

शनिवारी दुपारी दोघं गेले. डॉक्टरबाई पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. काय होतंय, असं त्यांनी विचारलं. बायको पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"तुम्हीच सांगा," ती सरांना म्हणाली. "मला नाही जमणार."

सर सांगू लागले. झोप तुटते. घास भुशासारखा लागतो. माणसं बोलतात ते काचेपलीकडून आल्यासारखं वाटतं. हसावं लागतं तिथं हसता येतं, पण नंतर जबडा दुखतो. आंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर चढायचा. आणि गच्चीवरून खाली बघितलं की मरावंसं वाटतं असं नाही, पण हे सगळं एकदाचं थांबावं, असं वाटतं.

बोलता बोलता त्यांचा आवाज एकसुरी झाला होता, हजेरी घेतल्यासारखा.

"हे यांनी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. पण असंच असतं ते," सर म्हणाले.

बायकोनं त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. डॉक्टरांनी टेबलावरची फाइल त्यांच्याकडे फिरवली. वर महिन्यापूर्वीची तारीख होती, खाली बायकोचं अक्षर, आणि पेशंटच्या रकान्यात सरांचं नाव.