काकूंचा मुका ड्रम

वरच्या काकूंचा ड्रम गप्प झाला, तर सगळ्यांत मोठा फायदा खालच्या नर्सताईंचा. रात्रपाळी करून त्या दुपारी झोपतात. म्हणून त्यांनीच पुढाकार घेतला. वर्गणीतून इलेक्ट्रॉनिक ड्रम आणला, लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकलं, एकेका पॅडला खऱ्या ड्रमचा आवाज जोडला आणि काकूंच्या कानांवर हेडफोन चढवला.

दुसऱ्याच दुपारी नर्सताई डोळे चोळत वर धावल्या.

"काकू, अहो, केवढ्यानं गाताय!"

काकूंनी एक कान मोकळा केला. "गात होते? मी? काहीतरीच तुझं! तोंडातून ब्र काढला नाही मी."

एवढं म्हणून त्यांनी हेडफोन चढवला आणि दुप्पट जोरात सूर लावला.

आता नवी वर्गणी निघाली आहे, काकूंना गाणं शिकवणाऱ्या मास्तरांसाठी. पहिलं पाकीट नर्सताईंचं.