अंगावरचं पित्त

हेमांगीच्या पाठीवर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या आणि तिचा नवरा दत्ताराम त्यांना आमसुलाचं पाणी लावत होता. तिचा कर्करोग यकृतात पसरला होता. नवीन औषधाच्या पहिल्या सलाइनपासून ही खाज सुरू झाली होती.

“डॉक्टरांना सांगू नका हं,” ती म्हणाली. “औषध बंद करतील. दुसरं कुठलं उरलंय?”

सकाळी वॉर्डात नर्सने विचारलं, “मागच्या वेळी काही त्रास?”

“काही नाही,” हेमांगी म्हणाली. दत्तारामने तिच्या पाठीमागे उशी सरकवली.

सलाइन सुरू झालं, आणि बघता बघता तिच्या मानेवर लाल चट्टे चढले, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि डोळ्यांनीच ‘सांगू नका’ म्हटलं.

“सिस्टर, बंद करा ते!” तो ओरडला.

दुपारी सूज उतरली. हे औषध आता पुन्हा देता येणार नाही, असं डॉक्टर सांगून गेले. हेमांगी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“कशाला ओरडलात?”

“वाटलं, आत्ताच जातेस.”

“आणि आता?” तिने विचारलं.

तो तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिला.